मागे बाप्याच आहे!

११ जानेवारी

जिंकली! काडी जिंकली!

घसा पार बसलाय. ही मिठाचं गरम पाणी पुढे करत म्हणाली, "पळाली ती आणि धाप तुम्हाला!" गुळण्या करता करता हसू आलं, हसता हसता ठसका लागला, मग पाठीत दोन धपके खाल्ले. असा आमचा विजय.

सकाळी धुकं होतं. अग्निशमन केंद्राच्या पायरीवर माझी नेहमीची जागा. तिथेच रस्ता वळतो, आणि वळणानंतर थेट शेवटच्या फितीपर्यंत सरळ. ती दिसायच्या आधी तिची पावलं ऐकू येतात — आठ-आठ अक्षरांचे चरण पडावेत तशी. शाळेत गुरुजी टेबलावर पट्टी आपटून कविता म्हणून घ्यायचे तेव्हा सगळा वर्ग डोलायचा. तसा मी त्या पायरीवर एकटाच डोलत असतो. येणारे-जाणारे बघतात. बघोत बापडे.

लोकांना वाटतं म्हातारा नुसता बोंबलतो. छे! मला तिथे काम असतं. या शर्यतींत बाया आणि बाप्ये एकदमच सुटतात. शेवटच्या वळणावर मागून पावलं वाजली की काडीला कळायला हवं — बाई की बाप्या? बाप्या असला तर खुशाल पुढे जाऊ द्यावा, त्याचा निकाल वेगळा. बाई असली तर मात्र अंगात उरलंसुरलं सगळं तिथेच खर्चायचं. आणि स्वतः वळून पाहिलं की लय मोडते. फार वर्षांपूर्वी, ती अगदी कोवळी होती तेव्हा, याच वळणावर तिने मागे पाहिलं आणि अडखळली. माझ्या तोंडून निघून गेलं, "मागे बघू नकोस पोरी, बाप्याच आहे!" ती पळता पळता हसली. तेव्हापासून दर शर्यतीला हे चालू. आम्ही कधी बसून बोललेलो नाही. एक कप चहासुद्धा नाही. पण वळणावर आली की ती हात वर करते, आणि मी सांगतो.

आज मागे कोणीच नव्हतं. तेच ओरडलो — "मोकळं रान! मोकळं रान!"

२ फेब्रुवारी

सलूनमध्ये गेलो होतो. सलूनवाला माझा शाळेपासूनचा मित्र. मला कविराज म्हणतो, गालांना साबण लावून माझी बोलती बंद करतो, आणि मग स्वतः सुटतो. "एप्रिलची शर्यत म्हणजे काडीची शेवटची संधी, लिहून ठेव. पहिल्या येणाऱ्या एकाच बाईला परदेशच्या मोठ्या स्पर्धेला पाठवणार. पुढच्या खेपेपर्यंत गुडघे थांबतायत होय!"

"पहिली येणार ती," मी साबणातून म्हणालो.

"आणि ती नवखी? पाहिलीस ना? खांदे बघ तिचे! केस तर असे कापते की माझ्या पोटावर पाय."

'काडी' हे नाव गल्लीतल्या कोणी पाडलं कोण जाणे. मला कधीच आवडलं नाही. मी 'वाऱ्याची लेक' असं सुचवलं होतं. सलूनवाला म्हणाला, "एवढं लांब नाव घेईपर्यंत ती पुढच्या चौकात पोचेल." आणि काडीच राहिली.

१९ फेब्रुवारी

लेक ओढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "चांगला पिकलाय, आजोबा. याच महिन्यात उरकून टाकू." उरकून टाकू! म्हणजे माझे डोळे नव्हेत, घरातला पसारा! पहिला डोळा, मग काही आठवडे थांबून दुसरा, आणि दोन्ही खेपांना धूळ नको, ऊन नको, गर्दी नको. म्हणजे एप्रिल गेलाच की!

मी म्हटलं, मे महिन्यात बघू.

लेक तणतणली. "बाबा, काल तुम्ही चहात मीठ घातलंत."

"तुझी आई हसली की नाही? किती दिवसांनी हसली!"

"आणि जिना उतरताना पाय चुकला तर कोण हसणार?"

आपला हट्ट आपल्याला कळतो, पण सोडवत नाही. आणि खरं सांगायचं तर हे धुकं मला थोडं आवडतंही. दिव्यांभोवती कडी दिसतात. चंद्र एकाचे तीन होतात. सगळं जुन्या पुस्तकाच्या पानासारखं पिवळट, मऊ. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला — दुसऱ्यांचे सुटलेले काने आणि उलटे टाइप हुडकत. आता थोडं अंधूक दिसलं तर काय बिघडणार आहे?

९ मार्च

तळ्याकाठी काडी सराव करताना दिसली. चांगली जवळून गेली. हाक मारली. तिने पाहिलं नाही. लय लागलेली असताना कोण पाहतं! पाहूच नये.

२७ मार्च

आज उगाच शाळा आठवत बसलो. क्रीडादिन आणि कवितापाठ एकाच दिवशी असायचे. मी दरवर्षी कवितापाठात. खिडकीतून मैदान दिसायचं. पोरं धुळीत पळत असायची आणि मी हात मागे बांधून चालीवर म्हणत असायचो. बक्षीसही मिळायचं. पण डोळे खिडकीबाहेर. कधी एकदाही पळालो नाही. कोणी अडवलं होतं? कोणीच नाही. नुसतं पाहत राहिलो, आणि पाहण्यातच आयुष्य गेलं.

हिला सांगितलं. म्हणाली, "पळाला नाहीत म्हणून तर सापडलात मला."

१९ एप्रिल

उद्या. हिने इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय. "नवरदेवाला आणखी काही हवंय का?" आवळ्याच्या गोळ्या घेतल्यात घशासाठी.

२० एप्रिल

नाही लिहवत.

२१ एप्रिल

लिहायलाच हवं. दुसरं कोणाला सांगणार?

गर्दी फार होती. ढोल, शिट्ट्या, भोंगे. तरी तिची पावलं मी वेचून काढली. वळणावर आली — पहिली! चेहरा काही नीट दिसला नाही, पण ती मान, ती कोपरं दुसऱ्या कोणाची असणार? हात वर केला. मी तिच्या मागे पाहिलं. दिव्याच्या एका खांबाइतक्या अंतरावर कोणीतरी. रुंद खांदे, बारीक कापलेले केस. बायकांच्या छातीवर आकड्याचा पिवळा कागद असतो, बाप्यांच्या पांढरा. मला हल्ली दोन्ही एकाच रंगाचे. त्यामुळे अंगलटीवरून ओळखतो. हिवाळाभर तसंच निभावलं.

एक क्षण शंका आली. आली! नाही कसं म्हणू? शंका आली तर माणसाने गप्प बसावं. पण तिने हात वर केला होता. ती माझ्या भरवशावर होती. मी ओरडलो, "बाप्या! बाप्याच आहे! ये आरामात!"

ये आरामात. हे कशाला जोडलं मी? कोणी विचारलं होतं?

ती त्याच लयीत गेली. तीच आठ-आठ अक्षरं. जरासुद्धा घाई नाही. आणि मी — मूर्ख! — त्या लयीवर डोलत होतो.

मग सरळ रस्त्यावर नुसता कल्लोळ उठला. सलूनवाला फितीजवळ उभा होता, तो धापा टाकत आला. "गेली रे! ऐन फितीपाशी नवखीने मागे टाकलं तिला! आणि काडी बघ, शेजारून बाई गेली तरी ढिम्म! पाय उचलला नाही! दमलेलीही दिसत नव्हती. काय झालं काय तिला?"

काय झालं ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "ऊन फार आहे, घरी जाऊ."

डोळे फेब्रुवारीतच करून घेतले असते तर मी वळणावर नसतो. ती आपली आपण पळाली असती. जिंकली असती. तिच्यासाठी म्हणून थांबलो, आणि तिचंच वाटोळं केलं.

३ मे

हिने पेपर वाचून दाखवला. काडीची मुलाखत आली आहे. पत्रकाराने विचारलंय, शेवटी जोर का लावला नाहीत? तिचं उत्तर हिने दोनदा वाचलं, कारण मी दोनदा वाचायला लावलं — "मागून कोणी येतंय हे मला कळलंच नाही. चूक माझीच आहे, दुसऱ्या कोणाची नाही."

दुसऱ्या कोणाची नाही!

कोणी विचारलं नसताना हे वाक्य कोण घालतं? जिला कोणाला तरी वाचवायचं असतं तीच. तिने मला पाठीशी घातलं. वळणावर एक म्हातारा होता, त्याने सांगितलं बाप्या आहे, एवढं म्हणाली असती तर कोण तिला दोष देणार होतं? पण नाही.

ही म्हणाली, "पोरगी सरळ आहे हो. जेवायला चला." ताटावर बसलो आणि उठलो. हिला वाटलं पोट बिघडलंय. ओव्याचं पाणी दिलं. तेही प्यालो. निदान एवढी शिक्षा तरी.

१२ मे

डॉक्टरला हो म्हटलं. लेक म्हणाली, "देव पावला."

२९ जून

दुसराही डोळा झाला. आज पट्टी निघाली.

पांढरा! पांढरा रंग एवढा पांढरा असतो? उशीचा अभ्रा बघत बसलो. खिडकीतून आभाळ — किती दिवस मी त्याला राखाडी समजत होतो. हिच्या कपाळावर बारीक रेघांची जाळी. म्हटलं, "या कधी आल्या गं?"

"दृष्टी आली आणि आधी हेच दिसलं होय?" पण ती वळून गेली तेव्हा पदराने डोळे पुसत होती. तेही दिसलं. हल्ली सगळंच दिसतं.

६ जुलै

लेकीच्या फोनवर एप्रिलची शर्यत पाहिली. कोणीतरी वळणावरच्या गच्चीवरून टिपलीय. लेक म्हणाली, "बाबा, हे बघा तुम्ही!"

कागद पिवळा आहे. हळदीसारखा पिवळा. शेंबड्या पोरालाही कळेल, बाई आहे म्हणून. आणि पायरीवर एक म्हातारा, तोंडाचा आ वासून, दोन्ही हात हवेत. त्याचा आवाज नाही त्यात, वर कोणीतरी बँडचं संगीत चिकटवलंय. काडी हात वर करते. म्हातारा ओरडतो. काडी तशीच जाते.

लेकीला म्हटलं पुन्हा लाव. पुन्हा लाव. शेवटी ती म्हणाली, "पुरे आता, डोळ्यांवर ताण येईल."

छापून गेलेल्या पानावरची चूक मागे घेता येत नसे. फार तर शुद्धिपत्र चिकटवायचो — अमुक पानावर अमुक ओळीत असं नसून असं वाचावं. वाचक ते कधी बघत नसत. पण आपण चिकटवायचं.

मला तिला सांगायला हवं.

७ जुलै

कसं सांगणार? तिला तर ठाऊकच आहे. तिनेच झाकलेलं मी उघडं करू?

२२ जुलै

सलूनला जाणं सोडलं होतं, तर सलूनच घरी आलं. पिशवी, कात्री, वस्तरा, सगळा संसार घेऊन. "कविराज, डोक्यावर चिमण्या घरटं करतील. बस खाली."

गळ्याभोवती कापड बांधलं, आणि मला रडू फुटलं. त्याला सगळं सांगितलं. कात्री थांबली.

"तू ओरडलास म्हणून ती हरली?"

"हो."

"कविराज, तुझं बायको ऐकत नाही. लेक ऐकत नाही. मी तर शाळेपासून ऐकत नाही. एक तीच ऐकत होती होय?"

"हो," मी म्हटलं. "तीच ऐकत होती."

बराच वेळ कात्रीचाच आवाज. जाताना म्हणाला, "मान खाली घालून बसत जाऊ नकोस रे. मागचे केस वेडेवाकडे कापले जातात."

ऑगस्टची कुठलीशी तारीख

दोनदा वीज ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन आलो. काडी तिथे तक्रारींच्या खिडकीवर असते, खेळाडू म्हणून लागलेली नोकरी. दोन्ही वेळा दारावरच्या शिपायाने विचारलं, "काय काम?" दोन्ही वेळा म्हटलं, "काही नाही, सावलीत उभा आहे."

१४ सप्टेंबर

परदेशची मोठी शर्यत टीव्हीवर. नवखी पळाली. मी तिचा द्वेष करायला पाय घट्ट रोवून बसलो होतो. जमलं नाही. पोरगी मधल्या घोळक्यात अडकली, धक्के खाल्ले, तरी नेटाने गेली. शेवटी रस्त्यावरच बसून रडली. ही म्हणाली, "कोणीतरी पाणी द्या रे तिला!" टीव्हीला म्हणाली!

त्या जागी काडी असायची. ती त्या घोळक्यात कशी पळाली असती, तेच सारखं मनात पाहत राहिलो. मनात ती दर वेळी जिंकते.

१९ ऑक्टोबर

शर्यत होती. पायरीवर उभं राहायचं धैर्य झालं नाही. समोरच्या बाजूला, कुलूप लावलेल्या दुकानाच्या फळीआड उभा राहिलो. चोरासारखा.

एवढ्या वर्षांत प्रथमच तिचा चेहरा इतका स्वच्छ दिसला. कानशिलावर पांढरे केस आहेत. वळणावर आली, पायरीकडे पाहिलं, हात अर्धा वर गेला. पायरी रिकामी. हात तसाच खाली आला. पुढे दोन-चार पावलं ती मागे वळून वळून पायरीकडेच बघत होती. लय मोडली. माझ्यामुळे. पुन्हा.

चौथी आली.

१२ नोव्हेंबर

हिला सगळं सांगून टाकलं. इतके महिने तिला काय वाटत होतं देव जाणे. ऐकून घेतलं, भाजीचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "अहो, घरात तोंड पाडून बसून तिचं काय भलं होणार आहे? जा आणि सांगा. रागावली तर रागावली. तेवढा तिचा हक्क आहे."

२४ नोव्हेंबर

गेलो. रांगेत उभा राहिलो. शिपायाला म्हटलं, "तक्रार आहे." खोटं नव्हतं ते. तक्रार माझ्याबद्दलचीच होती.

खिडकीशी माझा नंबर आला. काचेपलीकडे ती. मला पाहिलं आणि चेहरा उजळला! "आजोबा! तब्येत बरी आहे ना? त्या दिवशी दिसला नाहीत?" सगळं पाठांतर विसरलो. कसंबसं म्हटलं, "पोरी, एप्रिलमध्ये मी चुकीचं सांगितलं."

"काय म्हणालात?"

"एप्रिलमध्ये... मी बाप्या म्हणालो. ती बाई होती."

ती काचेजवळ आली. "जरा मोठ्याने, आजोबा."

मी ओरडलो, "ती बाई होती! मी बाप्या म्हणालो!"

सगळं ऑफिस वळून पाहू लागलं. मागचा एक जण खेकसला, "आजोबा, घरची भांडणं घरी! बिलाचं बोला!" दुसरी एक बाई म्हणाली, "ओरडता काय म्हाताऱ्या माणसावर?" तोवर रांगेत हशा पिकला. काडी माझ्याकडे बघत होती, भुवया जवळ आणून. काहीतरी शोधत असल्यासारखी. मग हलकेच हसली आणि म्हणाली, "ठीक आहे, आजोबा. होतं असं."

नमस्कार केला आणि निघालो. रस्त्याने येता येता उमगलं. तिला पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं! चार लोकांत माझी शोभा होऊ नये म्हणून तिने न ऐकल्यासारखं केलं. एप्रिलमध्ये झाकलं, आज पुन्हा झाकलं. एवढं मोठं मन! आणि मी तिच्या आयुष्यातली एकुलती एक मोठी संधी घालवून बसलो. आता हे जन्मभर असंच वाहायचं. फार जन्म उरलेला नाही, तेवढाच दिलासा.

३ डिसेंबर

दुपारी काडी घरी आली. सलूनवाल्याकडून पत्ता घेतला म्हणाली. हिने दिलेलं पाणी प्यायली, कानावरचे केस मागे सारले. आत शेंगदाण्याएवढं यंत्र.

"परवाच बसवलं. दोन वर्षं झाली, आजोबा, नीट ऐकू येत नाही. गर्दीत तर नुसती घरघर. कोचना कळलं असतं तर त्यांनी घरी बसवलं असतं, म्हणून कोणालाच बोलले नाही. त्या दिवशी तिची पावलंही ऐकू आली नाहीत. आता सांगा, खिडकीवर काय म्हणत होतात?"

सांगितलं. तिने रिकामं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "वळणावर तुमचं तोंड हलताना दिसायचं. शब्द नाही कळायचे. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून हात वर करत राहिले."

ती गेल्यावर ही म्हणाली, "सुटलात एकदाचे!"

सुटलो. अपराधी होतो तेव्हा निदान माझा शब्द तिच्यापर्यंत पोचला होता.